जनरेटरला घातलेलं गाऱ्हाणं

आचरा,
गुरुवार (लाईट नाही)

चि. जितेंद्र यास सुशीलाताईचे आशीर्वाद. (रागात दिलेले आशीर्वादही लागू पडतात, असं आई म्हणायची.) तुझी ॲसिडिटी कशी आहे? रसिकाचा गुडघा काय म्हणतो? तुम्ही दोघं ठणठणीत असाल असं धरून चालते, कारण आता जे लिहायचं आहे ते आजारी माणसाला लिहिणं बरं नव्हे.

आज सकाळी गावाच्या वरच्या माळावर, सड्यावर चढले तेव्हा रेंज मिळाली आणि तुझा मेसेज येऊन आदळला. 'ताई, व्हिडिओ बघितला. बस्स झालं. बॅग भरून ठेव, रविवारी गाडी घेऊन येतो, आता कायमची ठाण्याला.' तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं, पण वाऱ्यात उभं राहून एका बोटाने राग टाइप करता येत नाही. शिवाय फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस. पत्रात तुला ती सोय नाही.

पहिली गोष्ट, जनरेटर ही कल्पना कुणाची? तौक्ते वादळात माझा फोन बंद पडला आणि मी जिवंत आहे की नाही हे तुला कळेना, तेव्हापासून तुझं एकच पालुपद: 'घरात जनरेटर असेल तरच तिथे एकटी राहा.' बरं, घेते म्हटलं. तर तू मला अमेरिकेतले व्हिडिओ पाठवलेस. त्यात एक गोरा माणूस गॅरेजात उभा राहून सांगतो की वादळ आलं की त्याचा जनरेटर आपोआप सुरू होतो आणि त्याला पाइपातून गॅस मिळतो. माझ्याकडे गॅरेज नाही, गोठा आहे, तोही रिकामा. आणि पाइपातून मला पाणीसुद्धा एक दिवसाआड मिळतं.

कणकवलीच्या दुकानात गेले. विक्रेता मला म्हणतो, "आजी, घरात पुरुषमाणूस कोण आसा?" मी विचारलं, "तो पेट्रोलवर चालतो की डिझेलवर?" (पाटबंधारे खात्यात मी जन्मभर इंजिनिअरांची पत्रं दुरुस्त केली, जितेंद्र. त्यातल्या एकालाही 'लोड' हा शब्द धड वापरता येत नव्हता. मला येतो.) फ्रीज, चार दिवे, एक पंखा, मोबाईल, एवढाच लोड मी सांगितला. तो मला आख्खं लग्नाचं कार्यालय चालेल असा जनरेटर दाखवत राहिला.

पेट्रोलचा की डिझेलचा, यावर मी निर्णय घेतलाही होता. पण आपले हरिश्चंद्र भावोजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, शेजारी राहतात हे माझं दुर्दैव. "वयनी, आगीची वस्तू. देवाक इचारल्याशिवाय घरात हाडूची नाय." झालं. रवळनाथाच्या देवळात गुरवाने कौलासाठी पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर पेट्रोल, डावी पडली तर डिझेल. बेळगावच्या नन्सनी मला बायबलपासून बीजगणितापर्यंत सगळं शिकवलं, पण हा धडा राहिलाच. उजवी पडली. देवाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याचा आणि माझा निर्णय एकच होता. तक्रार आहे ती माणसांबद्दल.

कारण पेट्रोल आणायला पंपावर कॅन घेऊन गेले तर, "कॅनात पेट्रोल देवचो हुकूम नाय. गाडी हाडा." गाडी नाही, जनरेटर आहे, म्हटलं. "मगे जनरेटर हाडा." मी रिक्षात घालून जनरेटर नेला. (रिक्षावाला हसत होता. त्याला मी जन्मभर विसरणार नाही.) पंपावरचा तोच प्राणी त्याच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "हेची नंबर प्लेट खंय?" मी त्याला इंग्रजीत जे बोलले ते ऐकून सिस्टर ॲग्नेसने मला बाकावर उभं केलं असतं.

तेव्हा भावोजी छाती पुढे काढून म्हणाले, "माझ्याकडे आसा पेट्रोल. होडयेसाठी ठेवलेला." मी मॅन्युअल वाचलं होतं, म्हणून दोनदा विचारलं, चांगलं आहे ना? "एकदम बरा!" अंगणात, खिडक्यांपासून लांब, जनरेटर ठेवला आणि टाकी भरली.

मंगळवारी वारा सुटला, माड आडवे झाले, लाईट गेली. तासाभरात निम्मी वाडी माझ्या पडवीत. कुणी मोबाईल घेऊन, कुणी टॉर्च घेऊन, आणि अनुजा, भावोजींची सून, मिक्सर घेऊन. बांगड्याच्या कढीसाठी खोबऱ्याचं वाटप वाटायला! मी म्हटलं, "अगो, वादळ आलंय." ती म्हणाली, "म्हणान काय कढी करूची नाय?"

आता दोरी ओढायची. पण नाही. भावोजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि जनरेटरसमोर गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या वयनीन जो जनरेटर घेतलो हा, तो चालाक होयो रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "वाडयेत उजेड पडाक होयो!" "होय म्हाराजा!" मग ओढली दोरी. सुरू झाला! दिवे लागले. आणि पुढच्याच क्षणी असा धूर आला की शेवटचं 'होय म्हाराजा' सगळ्यांनी खोकूनच पुरं केलं. जनरेटरने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. भावोजींना विचारलं, पेट्रोलात काय होतं? "ऑईल! ऑईल घातल्याशिवाय पेट्रोल कोण ठेवता?" होडीच्या मशीनला लागतं म्हणून त्यांच्या घरात पेट्रोल येतं तेच ऑईल पोटात घेऊन. माणूस खोटं बोलला नाही. हाच तर संताप!

अनुजाच्या मुलीने, पूजाने, हे सगळं चित्रित केलं आणि सड्यावर जाऊन आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तू तो धूर बघितलास. त्यानंतर काय झालं ते तुला दिसलं नाही. अनुजाने पाट्यावर वाटप केलं, माझ्याच चुलीवर कढी झाली, आणि निम्मी वाडी माझ्या पडवीत कंदिलाशी पानं मांडून बसली. मला जेवताना कुणी एकटं सोडेना, हात धुवायलाही! तुझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट बंद पडली की शेजारची बाई दाराची साखळीसुद्धा काढत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तर एकटं कोण आहे, ते तू मला सांग. मी येणार नाही.

रसिकाला आशीर्वाद.

तुझी,
सुशीलाताई

ता. क. अनुजा उद्या कणकवलीला जाते आहे. तिथे चार्जिंग आणि रेंज मिळाली की ती या पत्राचा फोटो पाठवेल. तू रविवारी येतो म्हणतोस, तर जरूर ये. गाडी पेट्रोलचीच ना? वाटेत कणकवलीला टाकी काठोकाठ भर. तुझ्या गाडीला नंबर प्लेट आहे, तुला कुणी नाही म्हणणार नाही. जनरेटरची टाकी मी धुऊन ठेवली आहे, पेट्रोल ओढून घ्यायची नळी भावोजींकडे आहे. नवा स्पार्क प्लगही आण. परत जाण्यापुरतं पेट्रोल उरेल अशी खात्री देत नाही. तुझीच बॅग जरा मोठी भर.

ता. क. २. हे लिहितानाच लाईट आली. तेव्हा पेट्रोलची गरज नाही. तरी ये.

ता. क. ३. गेली.