ओंजळ

दर्शन,

जहाजावर सुखरूप असशील. हे पत्र तुला पाठवेन की नाही, कोण जाणे. दोन ओळी लिहिते, उठून खिडकीशी जाते, परत येऊन बसते.

किमयाच्या शाळेत आज आजी-आजोबांना स्वतःच्या शाळेबद्दल बोलायला बोलावलं होतं. "खेळांचं सांग, जातीचं नको. तिथे परदेशातही, पुंगोलच्या आपल्या इमारतीत मराठी माणसं आहेत, त्यांच्या कानावर जाईल," असं तू फोनवर बजावलं होतंस. मी लगोरीचंच सांगितलं, किमया ते इंग्रजीत करून सांगत होती. बोलून घसा सुकला. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि मी सवयीने ओंजळ धरली.

मुलं हसली. किमया म्हणाली, "आजी, व्हाय लाइक दॅट?"

मग सांगितलं. आम्ही महारवाड्यातली मुलं वर्गाच्या दाराबाहेर गोणपाटावर बसायचो. शिपाई ओंजळीत वरून पाणी ओतायचा. नवे गुरुजी आले, त्यांनी माझं गोणपाट उचलून आत पहिल्या रांगेत टाकलं. निम्मा वर्ग उठून घरी गेला. मी बसून राहिले.

किमयाने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. आता लिफ्टमध्ये भेटेल त्यालाही सांगतेय, शेजारच्या नीताच्या सासूबाईंनासुद्धा.

तिला गप्प बसवायचं असेल तर तू येऊन बसव. मी तेव्हा उठले नव्हते, आताही उठायची नाही.

जयभीम.
आई