आमचे उर्वरित आयुष्य चारऐवजी तीस वर्षे नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. निर्णय-सहाय्य अधिकारी,
दूषित जमीन पुनर्वापर कक्ष, बडोदे.

विषय : गोरव्यातील मैदान पुन्हा धोकादायक ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या ऑनलाइन निर्णय-सहाय्यकाने दिलेला हिरवा दाखला, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. मी, सरोजिनी शरच्चंद्र सबनीस, वय ७२, राहणार अकोटा, निवृत्त क्रीडाशिक्षिका. अर्जाची गुजराती प्रत जोडली आहे; परंतु आपल्या घरी मराठी बोलतात असे कळले, आणि राग मला मराठीतच नीट येतो, म्हणून मूळ अर्ज असा.

२. गोरव्यात नळांना चकाकी देणारा एक कारखाना होता. तो बंद पडल्यावर जमीन आमच्या महिला मंडळाला वापरासाठी मिळाली. तेथे वस्तीतल्या चौदा मुलींसाठी खो-खोचे मैदान करायचे होते. सध्या त्या उभ्या गाड्यांच्या मधून पळतात. मातीत कारखान्याचे क्रोमियम मुरलेले, म्हणून आपल्या संकेतस्थळावर माहिती भरली : वय बारा, पाय अनवाणी, वापर दहा वर्षे. सहाय्यकाने लाल दिवा दाखवला. वरची दोन फूट माती सरकारने काढल्याशिवाय मुलींना आत सोडू नये, असे सांगितले. सफाईच्या यादीत आमचा सहावा क्रमांक लागला. येथवर सर्व ठीक होते.

३. यानंतर आमची मती फिरली. माझी नणंद मोहना, वय ७६, म्हणाली की आपण खेळलो तर हा काय सांगतो ते बघू या. केवळ गंमत म्हणून आम्ही आमची वये भरली, पायांत बूट लिहिले. "आणखी किती वर्षे वापर करणार?" या रकान्यात मी वीस लिहीत होते, नजर लागेल म्हणून मोहनाने "चार ज लखी नाख", म्हणजे चारच लिहून टाक, असे फर्मावले. सहाय्यकाच्या मते चार वर्षांत या मातीने आमचे विशेष काही बिघडत नाही. हे मनाला लागले. हिरवा दिवा लागला, पहिली माहिती पुसली गेली आणि "सत्तर वर्षांवरील व्यक्तींस खो-खो खेळण्यास योग्य" असा दाखला निघाला. हिरव्या जमिनीची सफाई होत नाही, सबब आमचा क्रमांक रद्द झाला.

४. दाखल्यातील अटीनुसार जमीन रोज त्याच कामासाठी न वापरल्यास परत घेतली जाते. तेव्हा आम्ही बारा जणी, नऊ पकडणाऱ्या व तीन पळणाऱ्या, गेले चार महिने रोज सकाळी खो-खो खेळत आहोत. आपले निरीक्षक श्री. विहंग हजेरी घेतात. मोहनाचा गुडघा बदललेला असल्याने ती खुर्चीवर बसते. खो मिळाल्यावर तिला उठवायला दोघी लागतात, आणि तोवर पळणारी थांबून तिची विचारपूस करते. खोटे कशाला सांगू, मजा फार येते. हसता हसता पूर्णिमाची कवळी मातीत पडली. ती परत तोंडात घालावी काय, हे विचारायला सहाय्यकात रकाना नाही. डभोईच्या ज्येष्ठ महिलांनी आम्हांला सामन्याचे आव्हान दिले आहे.

५. परंतु मैदान आमचे नव्हे. मुली कुंपणाबाहेरून "बा, भागो", म्हणजे आजी, पळा, म्हणून आम्हांला पळवतात आणि आम्ही त्यांना आत पाऊल टाकू देत नाही. त्यांच्यातली सर्वांत मोठी आभा पुढच्या वर्षी चौदा वर्षांखालील संघातून बाद होईल. तिचे हे वर्ष माझ्या थिल्लरपणाने चालले आहे, याची मला लाज वाटते.

६. आपल्या खिडकीवरील श्री. नील सांगतात की एकच रकाना, तोही एकदाच, दुरुस्त करता येतो. चाराचे तीस केल्यास दिवा लाल होतो आणि सफाईतला क्रमांक परत मिळतो. तथापि आम्ही तीस वर्षे जगणार याचा पुरावा आपल्या कार्यालयाने मागितला. तो सोबत आहे.

७. तरी आमचे आयुष्य वाढवून जमीन धोकादायक ठरवावी, ही विनंती. मुदतीपूर्वी आमच्यापैकी कोणी गेलीच, तर आपण खुशाल खुलासा मागवावा. तोवर माती निघालेली असेल, आणि उत्तर द्यायला मुली मैदानावरच सापडतील.

आपली नम्र, व पुढील तीस वर्षे येथेच असणारी,
सरोजिनी शरच्चंद्र सबनीस
बडोदे, दि. ९ जून २०२५

सोबत :
(१) बारा प्रतिज्ञापत्रे.
(२) मोहनाचा नवा पासपोर्ट, मुदत दहा वर्षे. उरलेल्या वीस वर्षांची हमी ती तोंडी देईल.
(३) माझ्या आत्याचा, वय १०१, चालू वर्षाचा हयातीचा दाखला. अर्ज वाचून दाखवल्यावर तिने संघात आपले नाव घालायला सांगितले आहे.