एकेचाळीस नावांबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी श्रावण कवडूजी थूल, वय सत्तेचाळीस, धर्म बौद्ध, धंदा इतिहासाची मास्तरकी, राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, मुंबई राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे आणि प्रकृती ठणठणीत आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असेही लिहिण्याची पद्धत आहे. ते वाक्य मी गाळले आहे. अर्जनवीस बबनराव उमाटे म्हणाले, “मास्तर, ते नसलं तर कागद कच्चा राह्यते.” राहू दे. खोटे लिहून पक्का केलेला कागद मला नको.

१. मी लग्न केले नाही. राहते घर, मागची बोरीची झाडे, भांडीकुंडी आणि पोस्टातील शिल्लक हे सर्व माझी थोरली विधवा बहीण धुरपताबाई हिला द्यावे. आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. माझी फी भरता यावी म्हणून ती लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाई, त्यामुळे स्वतः शाळेची पायरी चढली नाही. चुलतभावांनी या घरावर डोळा ठेवू नये.

२. माझे भिंग, नकाशे, फारसी शब्दकोश आणि हस्तलिखित ‘अर्वाचीन कुर्द समाज व त्याचे इतिहासलेखन’ हे माझी विद्यार्थिनी, सध्या वर्ध्यास शिकवणारी कांता मून हिला द्यावे.

समुद्रपुरात बसून कुर्दांचा इतिहास कशाला, असे ज्यांनी आजवर विचारले त्यांना एकदाच सांगतो. गेल्या लढाईत मी पलटणीच्या रसदखात्यात कारकून होतो. तीन वर्षे त्या डोंगरांच्या पायथ्याशी काढली. कोणत्या देशाच्या बाजूला ते लिहीत नाही. कुर्दांची वस्ती चार देशांत विभागलेली आहे आणि चारही मला सारखेच. तिथल्या एका भटारखान्यात मी त्यांची भाषा शिकलो. त्यांच्याविषयी जे जे छापलेले होते ते सगळे गोऱ्या अंमलदारांचे अहवाल, नाहीतर शेजारच्या सरकारांची पाठ्यपुस्तके. त्यांत आगा म्हणवणाऱ्या जमीनदारांची घराणी होती, लढाया होत्या, ‘बंडखोर टोळ्या’ होत्या. आगाच्या जमिनीत राबणारा कूळ माणूस एकाही पानावर नव्हता. ज्या माणसाचा आजा गावाबाहेर राहिला, त्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून मी त्या कुळांच्या तोंडून ऐकून लिहू लागलो. कोणते गाव कोणी जाळले, जमीन कोणाच्या नावावर चढली, डोंगरात पळालेल्यांना भाकरी कोणी पोहोचवली, असे सगळे.

मी ज्या खोऱ्यात होतो तिथली एक रीत होती. साक्ष सांगणारा आधी आपले नाव सांगे, मग बापाचे, आजाचे, अशा सात पिढ्या, मग गाव आणि पाण्याचा झरा. त्याशिवाय त्याचे बोलणे कोणी खरे धरत नसे. मीही ते तसेच उतरवून घेई. मला ती रीत फार आवडली होती.

३. प्राध्यापक रूपराव देवतळे यांना माझ्या १९५२ सालच्या लेखाची प्रत द्यावी. भर परिषदेत मी कुळांच्या साक्षी मांडल्या तेव्हा ते उभे राहून म्हणाले होते, “पुरावा दाखवा, नाहीतर ही भाकडकथा आहे.” लोक हसले. मी इरेस पेटलो आणि कलकत्त्याच्या एका त्रैमासिकात लेख छापला. अकराव्या टिपेत त्या खोऱ्यातल्या एका शाळामास्तरांचे नाव सात पिढ्यांसह, गावासह, झऱ्यासह दिले. ती टीप लिहिताना मला कमालीचा आनंद झाला होता.

आठ महिन्यांनी त्या शाळामास्तरांच्या भावाचे पत्र आले. चारच ओळी होत्या. मास्तरांना नेले. न्यायला आलेल्याच्या हातात तुमचे मासिक होते. एका पानाला खूण घातलेली होती. आता पत्र पाठवू नका.

देवतळ्यांनी ती टीप मोठ्याने वाचावी. त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यांनी पुरावा मागितला, दिला मी. पण त्यांनी ती एकदा वाचावी.

४. आता मुख्य गोष्ट. ते मास्तर सोडून आणखी एकेचाळीस साक्षीदारांची नावे लाल कापडी बांधणीच्या एका वहीत होती. गेल्या दिवाळीनंतर मुंबईचा म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे आला. पांढरा बुशशर्ट, गोड बोलणे. परदेशातल्या ग्रंथालयासाठी कागदपत्रे जमवतो म्हणाला. मी सोळा वर्षांच्या मेहनतीचे हस्तलिखित पुढे केले, ते त्याने हातातही घेतले नाही. “टिपांची वही निराळी असेल ना?” एवढेच त्याने विचारले. मी नाही म्हणालो. जाताना, “पुन्हा येईन,” म्हणाला.

बबनरावांचे म्हणणे, मिळकतीचे वर्णन कागदात पुरते लिहावे लागते, “वही कोनती, तिच्यात काय हाये, समदं लिहा.” लिहिण्यासारखी वही आता उरलेली नाही. आज शनिवारी सकाळी मी ती मागच्या अंगणात पानापानाने जाळली. कांता समोर होती. ती म्हणाली, “सर, टिपांशिवाय हे पुस्तक कोण मानील?” कोणी मानणार नाही. तरी तिने ते तसेच, बिनटिपांचे छापावे. मला लबाड म्हणतील, ते म्हणू द्यावे. माझे नाव गेले तरी चालेल.

५. माझा अंत्यविधी साधा, बौद्ध पद्धतीने करावा.

येथवरचा मजकूर शनिवारी लिहून झाला होता. आज रविवारी सकाळी या कागदाच्या दुसऱ्या साक्षीदारास आणण्यास मी हिंगणघाटास गेलो आणि दुपारी परतलो. खालचे कलम त्यानंतरचे असून साक्षीदारांसमोर लिहिले आहे.

६. मी नसताना तो गृहस्थ आला होता. बाईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्याला बसवून चहा दिला. तिने मला सांगितले ते तिच्याच शब्दांत उतरवतो.

“लय भला मानूस हाये. म्हने, माताजी, तुमच्या भावाचं तिकडं मोठं नाव हाये, पन तिकडचे नावं तुमाले काही समजत नसतीन. म्या म्हटलं, काऊन नाई समजत? सात वर्सं हा ते वही मोठ्यानं वाचून राह्यला, म्या निवडनं करत ऐकून राह्यली. मले समदे पाठ हायेत. ऐका म्हटलं.”

मी विचारले, “बाई, किती सांगितलीस?”

“चहा सरेस्तोर. अठरा झाले असतीन. त्यानं लिहून घेतले. बापाचं, आजाचं, समदं बराबर सांगतलं, एकबी चुकली नाई.”

ती कौतुकाची वाट पाहत होती. सोळा वर्षांत माझ्या कामाविषयी मी तिच्याशी दोन शब्द बोललो नव्हतो. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्याकडून इतिहास घ्यावा, असे मी पानेच्या पाने लिहिले आणि माझ्या ओसरीवर बसलेल्या बाईला काय येते ते मला ठाऊक नव्हते. मला तिचा राग आला नाही. माझीच लाज वाटली.

त्या अठरा जणांना सावध करायचे तर पाकिटावर नाव-गाव घालावे लागेल. ते पाकीट आधी कोणाच्या हाती पडेल, ते मला माहीत आहे. म्हणून मी काहीच करू शकत नाही, हे येथे नमूद करतो.

उरलेली तेवीस नावे बाईला पाठ आहेत. राहिलेली ऐकायला येत्या गुरुवारी येतो, असे तो तिला सांगून गेला आहे. उद्या सकाळच्या गाडीने बबनराव तिला घेऊन जातील. कुठे, ते या कागदात लिहीत नाही, आणि त्यांना कोणी विचारू नये. “मी काऊन जाऊ? माह्यं काय चुकलं?” असे ती दुपारपासून विचारत आहे. तुझे काही चुकले नाही, एवढेच मी तिला सांगितले.

ती तेवीस नावे मलाही पाठ आहेत. गुरुवारी घरी मी एकटा असेन.

लिहून देणार : श्रावण कवडूजी थूल

वरील सही आमच्यादेखत झाली व आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या :
१. बबनराव उमाटे, अर्जनवीस, समुद्रपूर
२. तानबा भगत, निवृत्त हवालदार, हिंगणघाट

मुक्काम समुद्रपूर, रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९५८