डावं पान

प्रिय बगळे,

तू पाठवलेली वही मिळून नऊ आठवडे झाले. पोच दिली नाही म्हणून तू मला फोनवर ऐदी म्हणालीस, ते कबूल. जाड पुठ्ठ्याची, लाल फितीची, वर सोनेरी अक्षरांत 'माझं मन, माझी मैत्रीण' असं छापलेली ती वही पाहून मला आधी हसू आलं आणि मग चीड आली. माझ्या मनाशी माझी कधी मैत्री नव्हती. नुसती तोंडओळख आहे, तीही समोरासमोर गाठ पडलीच तर. पण तू म्हणे दोन वर्षं रोज सकाळी तीन पानं लिहितेस, त्यानं तुझी झोप सुधारली आणि गुडघेसुद्धा कमी दुखतात. उद्या म्हणशील, पडलेले दात परत उगवले.

माझ्या सुनेला ती वही दिसली आणि तिला हर्षवायू झाला. माझ्या रक्तदाबाचं निमित्त होतंच. मला विचारायच्या आत तिनं ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात माझं नाव घातलं, दर गुरुवारी चार ते साडेपाच. "आई, जर्नलिंगनं सगळं आतलं मोकळं होतं हो," असं म्हणाली, जणू मी तुंबलेलं बेसिन आहे. मुलगी गुणी आहे, म्हणून गेले.

शिकवणारी बाई माझ्या धाकटीच्या वयाची. मऊ सपाता घालून चालते, डोळे मिटून बोलते आणि प्रत्येक वाक्यानंतर असा श्वास सोडते की वाटावं, वाक्य नव्हे, पाण्याची घागर उतरवली. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं, 'आज तुमच्या मनाचा रंग कोणता?' मी लिहिलं, पायपुसण्याचा. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "सुंदर" म्हणाली. ती सगळ्यालाच सुंदर म्हणते. माझ्या शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर बसतात. त्यांच्या वहीत असतं, 'सहा दहाला उठलो. सहा पंचवीस दाढी. सहा चाळीस चहा, तीन मिनिटं उशिरा.' तेही सुंदर. पलीकडे एका दंतवैद्याची बायको आहे. रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायची असते, तिला दोनच सापडतात, मग तिसरीसाठी ती माझ्या वहीत मान घालते. आणि एक बाई आपलं पान मोठ्यानं वाचतात, वाचता वाचता रडतात आणि रडता रडता चष्म्यावरून बघून घेतात, आणखी कोण कोण रडतंय ते. मी रडत नाही म्हणून त्यांचा माझ्यावर दात आहे.

मी काय लिहिते विचारशील, तर थापा. खिडकीतलं ऊन, बाल्कनीतली कुंडी, नातवाचं बोबडं बोलणं. बोबडं कसलं, तो नऊ वर्षांचा आहे आणि माझ्याशी वकिलासारखा बोलतो. गेल्या महिन्यात शिकवणाऱ्या बाईंनी माझं पान सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "प्रामाणिक लिहिणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिका." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, काय हा विनय!

गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर आपल्या वसतिगृहातल्या मुंगीचं कळवलं होतं. ती इथल्या इस्पितळात आहे, यकृताचं दुखणं आहे, डॉक्टर दोन आठवड्यांच्या पुढचं काही बोलत नाहीत. तिला तुला एकदा पाहायचंय, एवढंच मी म्हटलं. तू म्हणालीस, "चुगलखोरांना भेटायला मला सवड नाही." आणि लगेच विचारलंस, वही लिहितेस ना? मी हो म्हटलं. त्या 'हो'ची मला जेवढी किळस आली, तेवढी त्या रडणाऱ्या बाईंची आजवर आली नाही.

वर्गातल्या पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "मोकळेपणानं लिहा, ही वही कुणी वाचणार नाही." बगळे, मला तिथल्या तिथे घाम फुटला. हेच वाक्य, अगदी असंच श्वास सोडून, आपल्या वसतिगृहाच्या सिस्टर म्हणायच्या. तुला त्या निळ्या वह्या आठवतात? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अभ्यासिकेत लांब बाकांवर बसून पंधरा मिनिटं लिहायचं. डाव्या पानावर आज हातून झालेल्या चुका, उजव्या पानावर उद्याचा निश्चय. वाचणारा फक्त देव. आणि महिन्याच्या शेवटी पानं फाडली नाहीत ना, हे बघायला म्हणून वह्या गोळा व्हायच्या. तू बिनदिक्कत डाव्या पानावर चित्रं काढायचीस. मुंगी एकच चूक रोज लिहायची, 'प्रार्थनेत डुलकी लागली.' मला मात्र ते डावं पान भरायचंच असायचं. सरळ मुलगी मी, गोगलगाय नाव तूच ठेवलंस. पापांचा कायम तुटवडा. हेवा केला, पोळीचा तुकडा टाकला, नावडत्या बाईंना मनात म्हैस म्हटलं, असं करत करत महिन्याच्या वीस तारखेला माझा साठा संपायचा. मग मी शोधायला लागायची. अशा मुलीइतकं धोक्याचं जनावर दुसरं नसतं, हे मला आता कळतं.

आणि तू शनिवारची जायचीस. तुझी आई तुझ्या वडिलांचं घर सोडून, शाळेपासून दोन गल्ल्यांवर शिंप्याच्या दुकानात काज-बटणाला बसली होती. तिला भेटू द्यायचं नाही, अशी तुझ्या वडिलांची शाळेला लेखी ताकीद होती. धुण्याच्या खोलीच्या मागच्या दाराची किल्ली मुंगीकडे असायची, तिची तिथली पाळी होती. तीनला ती दार उघडायची, चारला लावायची. तू आलीस की तुझ्या अंगाला नव्या कापडाचा, खळीचा वास यायचा. मी तो वास मुद्दाम घ्यायची. मला तुझा हेवा वाटायचा, अशी चोरून भेटावी लागणारी आई असल्याचा. सोळाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असतं!

त्या सोमवारी आधी मुंगीला ऑफिसात बोलावलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मग तुला. संध्याकाळपर्यंत तुझे वडील आले, परीक्षेला दोन महिने असताना तुझं नाव काढलं गेलं. जिन्यात तू मुंगीसमोर थांबलीस आणि म्हणालीस, "चुगलखोर." ती काही बोलली नाही. तुझी वळकटी धरून मी खालच्या पायरीवर उभी होते. तू माझ्याच गळ्यात पडून रडलीस. दोन वर्षांनी तुझी आई गेली, तुला आठवड्यानं कळलं, आणि ते तू पहिल्यांदा मलाच लिहिलंस. ती सगळी पत्रं माझ्या कपाटात आहेत. सत्तेचाळीस वर्षं तू मला विश्वासाची म्हणत आलीस, आणि मी म्हणू दिलं.

गेल्या शनिवारी मी मुंगीकडे गेले होते. चेहरा हळदीसारखा झालाय, पण जीभ तीच. म्हणाली, "गोगलगायी, ती येणार नाही ना? राहू दे." मग इकडचंतिकडचं झालं, आणि सहज, पाण्याचा पेला मागावा तसं म्हणाली, "तुझी वही सिस्टरांच्या टेबलावर उघडी होती त्या दिवशी. तुझं ते तिरकं अक्षर मी उलटं धरलं तरी वाचलं असतं." मला उठवेना की बसवेना. म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर माझ्यावरच डाफरली, "अगं बावळट, तिची आई सुटली, शाळा सुटली. एक मैत्रीण तरी राहू दे म्हटलं तिला. मला काय, मला चार बहिणी होत्या." आणि मग दमली. नर्सनं मला बाहेर काढलं.

त्या दिवसापासून तुझी सोनेरी वही रोज पुढे घेऊन बसते. हे तिच्यात लिहून टाकायला कितीसा वेळ लागणार? लिहिलं असतं, मन हलकं झालं असतं, बाई सुंदर म्हणाल्या असत्या. ज्याला काही कळायचं नाही अशा कागदापाशी कबुली द्यायची आणि मग शांत झोपायचं, हा धंदा मला जमतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून केला नाही. फोन करणार होते. पण तू बोलायला लागलीस की मी हो-हो करत जाते. म्हणून हे पत्र. तर ऐक. त्या महिन्याच्या बावीस तारखेला माझ्या डाव्या पानावर मी लिहिलं होतं, 'बगळी आजारी आहे, असं मी सिस्टरांना खोटं सांगितलं. ती शनिवारी मागच्या दारानं आईकडे जाते.' फक्त माझं खोटं लिहायचं होतं. पण एका ओळीनं पान रिकामं दिसत होतं. मुंगीनं तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बगळे, माझ्याशी काय करायचं ते सावकाश ठरव. आयुष्यभर ठरवत बस, मी तक्रार करणार नाही. पण तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत. सकाळची गाडी पकडलीस तर साडेदहाला पोचशील. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट, भेटायची वेळ अकरा ते एक. जवळ बस, हळू बोलते. मी बुधवारी आणि शनिवारी जाते. ते दोन दिवस सोडून ये, म्हणजे तुला माझं तोंड पाहावं लागणार नाही.

तुझीच,
गोगलगाय