परसातला शिरीष आणि ताईची टेप

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. माझा लेख स्वीकारला गेला. आमच्या कॉलेजात आम्ही सगळे मिळून अकरा प्राध्यापक, आणि बाहेरच्या नियतकालिकात छापून येणारा हा पहिलाच लेख. प्राचार्यांनी तर तो छापून यायच्या आधीच नोटीसबोर्डावर लावून टाकला. हा वेळेत छापला गेला तर विज्ञान विभागाचं प्रमुखपद मला, नाहीतर रसायनवाल्यांना, असंही त्यांनी सांगून ठेवलंय.

लेखात काय आहे हे तू नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, तरी सांगतो. कॉलेजच्या आवारातले तीन शिरीष वृक्ष मी मोजतो, ते दरवर्षी अर्धा इंच जाड होतात. आपल्या परसातला मात्र गेली सहा वर्षं जेमतेम पाव इंच. घरामागे नवा रस्ता झाला, त्याच्या धुराने झाड खंगत चाललंय, असा माझा निष्कर्ष आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू न चुकता बुंध्याचा घेर मोजून कळवलास म्हणून हे जमलं. या रविवारचं माप तेवढं राहिलंय, पाठवून दे.

पाकिटावर ढब्बू लिहू नकोस गं. आमचा शिपाई टपाल मोठ्याने वाचून वाटतो.

माया आहेच, ती वाढती असू दे.
तुझा भाऊ

१२ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने मागितलं नव्हतं.

आता माझं ऐक, आणि रागावू नकोस. बँकेतल्या बाईंनी या खेपेला घरच्या टेपने माप घेऊन चिठ्ठी पाठवली. मी ब्लाउज शिवला, तो इंचभर ढगळ. बाई म्हणाल्या, मी बारीक झाले असेन. बाई बारीक झालेल्या नाहीत, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मग मी आपली टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली. साठ इंचाची टेप ओढून ओढून बासष्ट झालीय रे.

माझ्या हे कधी लक्षात येणारच नव्हतं. अंगाचं माप याच टेपने घ्यायचं आणि कापडही याच टेपने बेतायचं, मग कपडा बरोब्बरच बसतो. चूक होते आणि तिथल्या तिथे जिरते. पण झाडाला मी काही झबलं शिवत नव्हते. तुझं झाड खंगलं नसेल, टेप सैल झाली असेल.

दोन दिवस पत्र लिहून फाडत होते. तुझी खुर्ची डोळ्यांपुढे येत होती. पण तू खोटं छापलंस तर त्याचं माप मीच दिलेलं असेल, ते मला सोसायचं नाही.

जेवण वेळेवर घे.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न.

चार दिवस मी तुझ्यावर रुसलो होतो, पाचव्या दिवशी स्वतःवर. पहिल्या वर्षी ती टेप मीच पट्टीला लावून तपासली होती आणि नंतर विसरून गेलो. मुलांना मात्र दर जूनला फळ्यावर लिहून देतो, की उपकरण दरवर्षी तपासा. लेख थांबवायला मी संपादकांना कळवलंय. प्राचार्यांनी नोटीसबोर्डावरचा कागद स्वतः काढला, टाचण्यासुद्धा परत नेल्या.

टेप एका रात्रीत तर वाढली नसेल. कोणत्या वर्षी किती सैल झाली हे कळलं तर मापं दुरुस्त करता येतील. पण ते कळायचं कसं? नऊ वर्षं पाण्यात गेली ताई, आणि बोलायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

राग मनात ठेवू नकोस.
तुझा भाऊ

२७ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

रडतोस काय असा? माझी मापांची वही उघडली. दवाखान्याच्या पुढच्या खिडकीला मी दरवर्षी नवे पडदे शिवते आणि दरवर्षी ती नव्याने मोजते, कारण जुन्या मापावर माझा विश्वास नाही. पहिल्या वर्षी खिडकी अठ्ठावन्न इंच. चौथ्या वर्षापासून ती कमी कमी होत गेली, यंदा छप्पन्न. मला वाटायचं लाकूड आखडलं. सुताराला दोनदा बोल लावून झाले, तो बिचारा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

खिडकी काही आखडत नाही ना रे? मग घे, नऊ वर्षांचे नऊ आकडे मागच्या पानावर लिहिलेत. सुताराची माफी मी मागते, झाडाची तू माग.

तब्येत सांभाळ.
तुझी ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिडकीने वाचवलं. शिपाई सोडून सगळ्या कॉलेजला मी तुझी वही समजावून सांगितली. गणिताचे सर म्हणाले, बहिणीला इकडे शिकवायला पाठवा आणि तुम्ही पडदे शिवा.

मापं दुरुस्त केली आणि भलतंच निघालं. झाड खंगलेलं नाहीच. उलट गेली तीन वर्षं आपला शिरीष कॉलेजच्या तिघांपेक्षा जास्त वाढलाय. धुराने झाड जोमात येतं की काय, देव जाणे. संपादक नवा लेख घ्यायला तयार आहेत. फक्त मोजणाऱ्या व्यक्तीने लिहून द्यायचं, की नऊ वर्षांत झाडाला खतपाणी काहीही केलेलं नाही. कागद सोबत आहे, खाली सही करून लगेच पाठव. प्रमुखपदाचा निर्णय महिनाअखेरीस आहे.

तुझ्या सहीची वाट पाहतो.
तुझा भाऊ

२६ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

कागद सहीशिवायच परत पाठवते आहे.

तीन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, की आपलं झाड बहुधा फार दिवस काढणार नाही. तू सहज लिहिलंस, चार ओळींच्या मध्ये. नुसतं मोजायचं, हात लावायचा नाही, हे तुझं बजावणं मला पाठ होतं. पण त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्याला दोन बादल्या पाणी घालते. कंबर धरली होती तेव्हा शेजारणीला घालायला लावलं. मरतंय म्हणून कळल्यावर नुसती टेप गुंडाळून माप लिहीत बसणं मला जमलं नाही रे.

तुला सांगायला हवं होतं. टेपचं कळलं तेव्हाही हे सांगायला जीभ रेटली नाही. तुझी खुर्ची माझ्यापायी गेली, तर मला बोल, पण अबोला धरू नकोस.

तुझी ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्ची रसायनवाल्यांना मिळाली. ते सगळ्यांना चहा पाजत फिरतायत. मी दोन कप घेतले.

लेख मात्र मी पाठवला. त्यात आता कॉलेजच्या झाडांशी तुलना नाही आणि धूरही नाही. तुझी टेप आहे, खिडकी आहे, आणि पद्धतीच्या भागात एक वाक्य आहे. ते लिहायला मला आठवडा लागला, कारण अशा लेखात कोणाला काय वाटलं हे लिहायची रीत नाही. गणिताचे सर म्हणाले, खोडा. मी खोडलं नाही. ते असं आहे: ‘सातव्या वर्षापासून झाडाला रोज दोन बादल्या पाणी देण्यात आले, कारण झाड मरेल असे संशोधकाने कळवले होते, आणि मोजणाऱ्या व्यक्तीला ते जगावे असे वाटत होते.’

पाणी बंद करू नकोस. सुट्टीत येतो, बादल्या मी उचलेन.

तुझा,
ढब्बू