चरचरणारी तार

सोमवार, ४ मार्च

आणखी एक गिटार परत आली! दाढीवाल्याची. हॉटेलात गातो तो. परवा आमच्या दुकानातून दुरुस्त करून हसत घेऊन गेला, आज दारातूनच म्हणाला, तार चरचरतेय, जेवणारे वळून बघतात. मामाने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूच्या डबीकडे.

तो गेल्यावर मामा म्हणाला, "आता एक जरी परत आली ना, तर जूनपासून शाळा. पुन्हा नववी. आणि तिथे तोंड उघडायचं."

तोंड उघडत नाही म्हणूनच तर शाळा सुटली. इथे मामा गिऱ्हाइकांशी बोलतो, मी गिटारींशी. बरं चाललं होतं की.

मंगळवार, ५ मार्च

चूक सापडत नाही. तारा उंच असल्या की बोटं सोलतात. शिवाय दाबताना तार ताणली जाते, सूर वर चढतो, मग खुंट्यांचे कान पिळत बसा. म्हणून मी तारा जमतील तितक्या खाली आणते. लोण्यासारखी वाजते. शेवटी मी वाजवते, मामा डोळे मिटून कान देतो, "जाऊ दे" म्हणतो — मगच गिटार पेटीत.

दाढीवाल्याची आज तासभर वाजवली. एकदाही चरचरली नाही. माझ्यासमोर अगदी गुणी बाळ.

मामा मला मांजर म्हणतो. पायाचा आवाज नाही, तोंडाचा नाही.

बुधवार, ६ मार्च

मामाने दाढीवाल्यालाच बोलावून वाजवायला लावलं. त्याने असा हात मारला की भिंतीवर टांगलेल्या गिटारीसुद्धा कण्हल्या. आणि चरचर! मला लाज वाटायच्या आधी कळलंच.

मी वाजवते ते कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. माझ्या हाताखाली तार जेमतेम हलते, मानेवरच्या फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या, पट्टीवर आपटणार कशी? तो मारतो तेव्हा आपटते. म्हणजे मी जगातली सगळ्यात सोपी गिटार बनवली — फक्त मला वाजवता येईल अशी. आणि मी तर कुणासमोर वाजवतच नाही. वा!

मामाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

गुरुवार, ७ मार्च

तारा खाली ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती बदलली, थोडी उंच घातली. मानेच्या आतली सळई जराशी ढिली केली. आता मान किंचित बाक घेते, तारांना हलायला जागा मिळते. फार केलं की पुन्हा बोटं सोलणार, म्हणून जपून.

मग खरी पंचाईत. तपासायची तर दाढीवाल्यासारखी, जोरात. दुकानात माणसं. मागच्या खोलीत गेले, कडी लावली, पंखा पाचवर, आणि मारला हात. पुन्हा मारला. शेजारच्या चावीवाल्याने भिंत ठोकली — "अरे, आवाज कमी करा की!"

मला! आयुष्यात पहिल्यांदा! दिवसभर हसू येत होतं.

जाड तारा आता साफ. पण सगळ्यात बारीक तार सातव्या फ्रेटजवळ अजून चरचरते. तिथली धातूची पट्टी उद्या घासायची.

शुक्रवार, ८ मार्च

पट्टी घासायच्या आधीच मामा म्हणाला, वाजव, दाढीवाला निघालाय. झालं नाही असं म्हणेपर्यंत मामा डोळे मिटून बसलासुद्धा. मारला हात, अगदी खांद्यापासून. बारीक तार डबीत अडकलेल्या माशीसारखी वाजली. संपलं माझं दुकान, सुरू झाली नववी.

"स्वच्छ," मामा म्हणाला. "जाऊ दे."

चेष्टा वाटली. पुन्हा तीच तार, तिथेच, तशीच. मामा डोळे मिटूनच हसला. "स्वच्छ म्हटलं ना."

इतकी वर्षं घासायच्या मशीनला डोकं लावून काम केलंय त्याने. बारीक आवाज आता त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

"मामा, मी अजून एकदा घासते. माझ्या समाधानासाठी."

दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मोठ्याने.