सातवा ओंडका

२२ ऑक्टोबर, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही ठीक असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी चार महिने लावले, आणि आता पहिल्याच ओळीत अडखळतोय.

इथे उद्यानात पानगळ जोरात आहे. वरच्या तळ्याकडची वाट पिवळीधमक झालीय, आणि लोक ती बघायला असे लोटतात, जणू झाडांनी याआधी कधी पानं टाकलीच नव्हती. पोरं ढिगात उड्या मारतात, आईबाप फोटो काढतात, ढीग पुन्हा लावायचं आमच्या नशिबी. होड्या पाण्याबाहेर काढल्या, तंबूंचं मैदान बंद झालं, फेरीचे घोडे खाली गावात गेले. हंगामाच्या शेवटच्या रविवारी ओंडके सोडायचा कार्यक्रम काल झाला. गर्दी दुप्पट होती. आईचे गुडघे तसेच आहेत. ती तुझं नाव काढत नाही, पण जेवताना अजून तीन ताटं घेते आणि एक परत ठेवते.

दाजी दवाखान्यात आहेत. उजवा पाय नडगीला दोन ठिकाणी मोडलाय. ओंडका अंगावर आला. उद्यानाच्या साहेबांनी वहीत ‘अपघात’ लिहिलंय.

तू तिकीटखिडकीवर बसायचीस, वर उतारावर कधी आली नाहीस, म्हणून काम कसं चालतं ते सांगतो. उताराच्या टोकावर ओंडके एकामागे एक मांडलेले असतात. पुढच्या ओंडक्याखाली पाचर असते, ती हातोड्याने मी उडवतो. खाली दाजी. आलेला ओंडका आकड्याने ओढून बाजूला लावायचा, हे त्यांचं काम, आणि ते उताराकडे पाठ करूनच करावं लागतं. म्हणून मी तीन आरोळ्या ठोकतो. पहिलीला खालच्याने हातातलं सोडायचं, दुसरीला दगडी भिंतीमागे जायचं, तिसरीला पाचर उडते. दोरीपलीकडची माणसंसुद्धा माझ्याबरोबर ओरडतात, पोरांना तर ओंडक्यापेक्षा त्याचीच मजा. बारा वर्षांत एकही ओंडका आरोळीशिवाय सुटला नव्हता.

काल सातवा सुटला.

दाजी आकडा रोवून वाकले होते. मला त्यांची पाठ दिसत होती, शर्टावर घामाचा मोठा डाग. मी हातोडा उचलला, तोंड मिटलं आणि पाचर उडवली. शेवटच्या घटकेला आवाज ऐकून ते वळले आणि बाजूला झेपावले, नाहीतर आज दवाखान्यात नसते. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. नडगी कातडं फाडून बाहेर आली होती. ते किंचाळत होते, माती मुठीत धरत होते, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगले दहा-वीस श्वास बरं वाटलं.

आता याच्या मागचं. ते लिहायचं म्हणून सकाळपासून दोन कागद फाडले.

पंधरा दिवसांपूर्वी दाजी घरी आले. आई शेजारी गेली होती. अर्धा तास रडले. “फक्त माफी मागायचीय रे. दारू सोडली. बघ, हात थरथरतात का?” हात थरथरत नव्हते. म्हणाले, “दोन शब्द बोलतो आणि आल्या पावली परत येतो. तूच सांग, माणूस सुधारू नये का?” जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आईने मला हजारदा ऐकवलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी आत गेलो, तुझं पत्र आणलं आणि त्यावरचा पत्ता त्यांना वाचून दाखवला. ताई, त्यांनी तो चोरला नाही. मी वाचला, त्यांनी लिहून घेतला, आणि गल्लीचं नाव नीट कळलं नाही म्हणाले तेव्हा मी पुन्हा वाचला.

काल सकाळी हत्यारांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आकड्याला धार करत होतो. दाजी मागे उभे राहून म्हणाले, “उद्याच्या पहिल्या गाडीने निघतोय. मागच्या वेळी एकच मनगट मोडलं तिचं. आता दोन्ही मोडतो, म्हणजे पत्रं लिहायची कटकट नको.” आणि हसले. तुमच्या लग्नातल्या फोटोत हसलेत तसेच.

मी कॉलर धरली. त्यांनी कपाळ माझ्या तोंडावर आपटलं, माझे पुढचे दोन दात तिथेच फरशीवर पडले. मी फावड्याचा दांडा त्यांच्या बरगडीत घातला, ते पडले, मी पुन्हा घातला. त्यांनी माझा अंगठा चावला, तो अजून सुजलाय, अक्षर म्हणून असं. आवाज ऐकून साहेब आले, आम्हाला ओढून बाजूला केलं. म्हणाले, “अरे, बाहेर दीडशे माणसं थांबलीत. तुमची भांडणं संध्याकाळी करा.” माझ्या रक्ताळलेल्या शर्टावर त्यांनी उद्यानाचं नवं जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि मला वर पाठवलं, दाजींना खाली. सहा ओंडके मी आरोळ्या देऊन सोडले. सहाही वेळा ते भिंतीमागे गेले. ज्याचे दात पाडले त्याच्याकडे पाठ करून उभे राहायला त्यांना भीती वाटली नाही. मी धाकटा, मी कधी काही करत नाही, हे त्यांना माहीत होतं.

ते त्यांना दुसऱ्या कुणी नाही, मीच दाखवून दिलं होतं. तुझं मनगट मोडलं त्या रविवारी मी शेजारच्या खोलीत होतो. तू मला हाक मारलीस. मी रेडिओचा आवाज वाढवला. तू कधी विचारलं नाहीस, पण तुला ऐकू आलं असणारच, भिंत पातळ आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तू खाल्लास आणि तुझं तोंड दाबणारा हात अर्धा माझा होता. बघ, अजून त्यांना ‘आले’, ‘म्हणाले’ लिहितोय. जीभ सुधारायलाही वेळ लागेल.

गंमत ऐक. सगळे शपथेवर सांगतात की त्यांनी तीन आरोळ्या ऐकल्या. साहेब, तिकीटवाली, दोरीपलीकडच्या बायका. दरवेळी ऐकतात म्हणून कालही ऐकल्या. फक्त करवतवाला म्हातारा, ज्याला आपण ठार बहिरा म्हणून चिडवायचो, तो काल रात्र व्हायच्या आत घरी आला आणि म्हणाला, “मला ऐकू येत नाही, म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघतो. सातव्याला तुझं तोंड हललं नाही.” चहाही न घेता गेला. तो वीस वर्षं उताराखालच्या त्या दगडी भिंतीपाशी काम करतोय.

शुक्रवारी चौकशी आहे. मी म्हाताऱ्याचंच खरं म्हणणार आहे. तुझ्यासाठी नाही. उद्या माझ्या भरवशावर कुणी उताराकडे पाठ करायला नको.

पण तुला पत्र लिहिलं ते वेगळ्यासाठी. डॉक्टर म्हणतात, आत सळई घातलीय, तीन महिने पाय टेकता येणार नाही. पत्त्याचा कागद दाजींच्या पाकिटात आहे आणि पाकीट उशाखाली. तीन महिने तुझे. मी एवढेच मिळवू शकलो. तू लिहिलं होतंस की खोलीला पूर्वेची खिडकी आहे, शिवणकामाच्या कारखान्यात मुकादमीण झालीस, आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराची किल्ली फक्त तुझ्याकडे आहे. ते वाचून मला किती आनंद झाला होता, हे आज सांगायला लाज वाटते. ती खोली सोड. काम सोड. शहर सोड.

नवा पत्ता मला कळवू नकोस. आईलाही नको, तिच्याकडून मी काढून घेईन, आणि कुणीतरी पुन्हा माझ्यासमोर रडेल.

उत्तर पाठवू नकोस, मी वाट बघणार नाही.

तुझा धाकटा